पुरसीस

मी, शालन बापूसो सुतार, वय त्रेसष्ट, धंदा टायपिंग,
राहणार जुना बुधवार, कोल्हापूर,
पुरसीस देते की,

ॲडव्होकेट आदगोंडा मगदूम यांचे सगळे कागद
माझ्या बोटांखालून गेले.
जुन्या कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
वर ताडपत्री, खाली मशीन,
तिचा ळ अर्धाच उठायचा.
मिळकत आली की मी पेनानं पुरी करायची.

ते उभ्यानं सांगायचे, विरामचिन्हांसकट.
‘पूर्वेस ओढा, स्वल्पविराम,
दक्षिणेस मसूद यांची भिंत, स्वल्पविराम,’
आणि पूर्णविरामाआधी
चहाच्या पोराला दोन बोटं.
फीऐवजी कुणी गुळाची ढेप आणून ठेवायचा.
अर्धी माझ्या घरी यायची,
जुन्या कैफियतीत गुंडाळून.

दस्तगीर मोमीनचा अर्जही असाच, गुळाच्या वासाचा.
शाहूपुरीच्या अडतीत एकतीस वर्षं तोलाई.
एक दिवस काटा बॅटरीवर गेला
आणि मालक म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे.
मगदूम म्हणाले, शालन, लिही:
‘एकतीस वर्षे जो तुमचा काटा धरतो
तो तुमचा नव्हे तर कुणाचा, प्रश्नचिन्ह.’
अर्जात प्रश्नचिन्ह घालत नाहीत, साहेब.
घाल, म्हणाले.

मग निवडणूक.
तिकिटावरून दोन भाऊ भांडले
आणि ते यांच्या गळ्यात पडलं.
डिपॉझिट जाणार, यावर बाररूममध्ये
मिसळीच्या पैजा लागल्या.
उमेदवारी अर्ज मीच टाईप केला,
स्थावर मिळकत: एक घर, तेही सामाईक.
निवडून आले.
गुलाल माझ्या रिबिनीत शिरला तो शिरलाच,
तीन महिने बँकेच्या नोटिसा गुलाबी उठत होत्या.

दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी
एकशे चौदा वकीलपत्रं ज्युनिअरच्या टेबलावर गेली.
दस्तगीर दारातच थांबलेला.
‘साहेब, आता माझं तिकडनंच बोला की.’
साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
बोलतो, असं काही म्हटल्याचं मला ऐकू आलं नाही.

एकदा मी त्यांना टीव्हीवर पाहिलं.
रात्रीचे पावणेअकरा, मागची बाकं मोकळी,
एक सभासद बसल्या जागी पेंगलेला.
मगदूम उभे. ‘अध्यक्ष महोदय,
बाजार समित्यांमधले तोलाई कामगार, स्वल्पविराम,’
बोलून गेले!
पुढच्या बाकावरचे दोघे हसले.
मी हसले नाही, माझी बोटं मांडीवर हलली.
मग घंटा वाजली, माईक गेला,
ओठ हलत राहिले.
काय राहिलं असेल ते मला पाठ होतं.

दहा वर्षं.
रेल्वेचे थांबे, धावपट्टी,
आणि दर अधिवेशनाला तेच एक निवेदन,
तारीख बदलून मीच पाठवायची.
तिसऱ्या खेपेला पडले.
पडल्यावर फोन कमी होतात म्हणतात;
यांचा घरचाच तेवढा वाजायचा.

आता कोर्ट कसबा बावड्याला, इमारत नवी,
माझ्याकडे कॉम्प्युटर, ळ एकदम ठणठणीत.
एका सोमवारी ते आले. कोटाचं बटण पोटाला पुरेना,
बँड पिवळा पडलेला.
सोबत दस्तगीरची मुलगी मेहराजबी,
पिशवीत बापाचा मृत्यूचा दाखला, तीन झेरॉक्स.
वारस दाखल करायचे होते.

‘मूळ अर्जदार मयत, स्वल्पविराम,’
आणि थांबले.
खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले, बराच वेळ.
‘शालन, तिथं माझं कुणी टायपच केलं नाही गं.’
केलं असेल की साहेब, मी म्हटलं,
तिथं म्हणे शब्द न् शब्द उतरवून घेतात.
‘घंटेनंतरचं नाही.’
मेहराजबीनं विचारलं, चहा सांगू का?
दोन बोटं वर गेली, मग तिसरं.

बोर्डावर सत्तेचाळिसावा नंबर.
पुकारा झाला, मालकाचे वकील गैरहजर,
पुढली तारीख पडली.
न्यायाधीशबाई तरुण होत्या, म्हणाल्या, आपलं नाव?
त्यांनी सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं.

सबब पुरसीस दिली असे.
प्रश्नचिन्ह नव्या अर्जातही ठेवलं आहे,
या वेळी त्यांनी सांगितलं नव्हतं.